पालकांना बोलावता, पण विचारता का?

सहावीतली एक मुलगी दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात सतत चुकायची. चाचणीत ३.४ गुणिले ५२.३ याचं उत्तर तिने १७७८.२ असं लिहिलं होतं. आकडे सगळे बरोबर, फक्त टिंब भलतीकडे. पालकसभेला तिची आई आली तेव्हा मी पेपर पुढे केला आणि वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य म्हणाले, "घरी जरा गणिताकडे लक्ष द्या." आई दारातच उभी होती. म्हशीला वैरण टाकायची राहिलीय म्हणत आत यायला तयार नव्हती. तिने पेपर उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "बाई, हिला हिशेब येत न्हाई म्हणताय व्हय? आमचं दुधाचं बिल हीच काढती की."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला दुधाच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. दूध संस्थेत कॅन ओतला की मशीनमधून चिठ्ठी निघते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. सकाळची एक, संध्याकाळची एक, दहा दिवसांच्या वीस. तिने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून रबर लावलेली चळत काढली. आजीचा मशीनवर विश्वास नाही म्हणून ही पोरगी प्रत्येक चिठ्ठी तोंडी ताडून बघते, मग वीस चिठ्ठ्यांची बेरीज करते, त्यातून पशुखाद्याच्या पोत्याचे पैसे वजा करते. मी तिला पेपरातलेच आकडे दिले, फक्त दूध म्हणून. ३.४ लिटर, दर ५२ रुपये ३० पैसे. ती छताकडे बघत म्हणाली, "तीन लिटरचे एकशे छप्पन्न नव्वद, वरच्या चारशे मिलीचे वीस ब्याण्णव. एकशे सत्त्याहत्तर ब्याऐंशी." मग मी तिचा पेपर तिच्यासमोर धरला. एवढ्याशा दुधाला सतराशे अठ्ठ्याहत्तर रुपये? ती फिस्सकन हसली. "बाई, असा दर मिळाला तर आमी बंगलाच बांधू."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या या शाळेत मी सहा वर्षं आहे. ही मुलगी पहिलीपासून माझ्या डोळ्यांसमोर वाढली. तिच्या आईला मी किमान डझनभर सभांना बोलावलं असेल. पण "तुमची मुलगी घरी काय काय करते?" हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता. तो दिवससुद्धा मी विचारल्यामुळे उजाडला नाही. मी तक्रार केली, आणि आईला ती तक्रार झोंबली, म्हणून ती बोलली.

शिक्षक-पालक संबंधांवर जे काही बोललं जातं त्यात ही गोष्ट नेमकी सुटते. सगळा भर पालकांना शाळेत आणण्यावर असतो. पालक सभेला येत नाहीत, पालक उदासीन आहेत, पालकांना वेळ नाही. आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत हेच बोलतो. पण आलेल्या पालकाचं आम्ही काय करतो? त्याला सतरंजीवर बसवतो आणि पाऊण तास ऐकवतो. हजेरी, गणवेश, आधार अपडेट, नखं कापा, मोबाइल देऊ नका. शेवटी "कुणाच्या काही अडचणी?" असं विचारतो तेव्हा अर्धे लोक उठलेले असतात.

कायदाही याच वळणाचा आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित बैठका घेणं हे स्पष्ट लिहिलं आहे. कशासाठी, तर मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, प्रगती यांबद्दल पालकांना अवगत करण्यासाठी. अवगत करणं म्हणजे सांगणं. पालकांकडून काही जाणून घ्यावं, असं त्या कलमात कुठे नाही. चांगल्या हेतूने केलेल्या कायद्यातही माहितीचा पाट एकाच दिशेने वाहतो, शाळेकडून घराकडे.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीही दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर एवढा अधिकार गावातल्या पालकाला त्याआधी कधी मिळाला नव्हता. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगते, कारण मीच ते केलेलं आहे. सभेच्या आदल्या दिवशी मी प्रोसिडिंगची वही उघडते आणि विषय लिहून ठेवते. काही वेळा ठरावही लिहून ठेवते, सूचक आणि अनुमोदकासकट. "सर्वानुमते मंजूर" ही अक्षरं चहा यायच्या आधी वाळलेली असतात. आलेल्यांच्या सह्या घ्यायच्या, न आलेल्यांच्या घरी वही पाठवायची. एकदा एका सदस्य ताईंनी सही करताना विचारलं, "बाई, हितं मी काय म्हटलंय?" मी वाचून दाखवलं. त्यांनी क्रीडा साहित्य खरेदीचा ठराव मांडला होता. "बरं म्हटलंय की मी," असं म्हणून त्यांनी सही केली. आम्ही दोघीही हसलो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

लोकसहभागाचंही असंच. आमच्या जिल्ह्यातल्या गावांनी शाळांना भरभरून दिलं आहे, याबद्दल वाद नाही. रंगरंगोटी, पत्रे, टीव्ही, पाण्याची टाकी, संरक्षक भिंत. वर्गणी मागितली तर कोल्हापूरचा माणूस सहसा नाही म्हणत नाही. पण या सगळ्यात पालक शाळेच्या इमारतीचा भागीदार होतो. मुलाच्या शिकण्यातला त्याचा वाटा कुठे? भिंतीला किती रंग लागेल हे आम्ही त्याला विचारतो, पोराला रात्री कशाची भीती वाटते हे विचारत नाही.

पालक दोन तऱ्हेचे भेटतात, आणि दोन्ही तऱ्हा दिसायला अगदी उलट असल्या तरी मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. एक पालक पोराला दंडाला धरून आणतो आणि म्हणतो, "सर, हाणा ह्याला, आमची काय तक्रार न्हाई." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली त्याला इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य महिन्यातून एकदा ऐकू येतंच. जुन्या शिक्षकांना त्यात विश्वास दिसतो. मला त्यात सुटका दिसते. पोर तुमच्या हवाली केलं, आता माझं काम संपलं. दुसरा पालक शहरातल्या खासगी शाळेत भेटतो. तो म्हणतो, "एवढी फी भरतोय आम्ही, मग शिकवायचं कुणी?" यानेही पोर हवालीच केलं आहे, फक्त पावती घेऊन. एक शिक्षकाला देव्हाऱ्यात बसवतो, दुसरा काउंटरमागे. देवाशी आणि दुकानदाराशी कुणी भागीदारी करत नाही.

खासगी शाळांबाबत महाराष्ट्राने २०११ साली शुल्क विनियमनाचा कायदा केला आणि पालक-शिक्षक संघाला फीच्या निर्णयात जागा दिली. संघाची कार्यकारी समिती सोडत काढून नेमायची, हेही ठरलं. फीवर पालकांचा वचक हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की अनेक शाळांत पालक-शिक्षक संघ म्हटलं की फीचं भांडण एवढंच डोळ्यांसमोर येतं. ज्या टेबलावर पैशांची घासाघीस होते, तिथेच मुलाबद्दल मोकळं बोलणं अवघड जातं.

हे नातं मुळात सुरू कसं झालं, तेही कोल्हापुरात राहून विसरता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळात रुपया म्हणजे गरीब घराला चांगलाच चटका. महाराजांचं बरोबर होतं. गुरं राखायचं पोर शाळेत गेलं तर घराचे दोन हात कमी होत, आणि दंडाशिवाय ते हात सुटत नव्हते. जयंतीच्या भाषणांत दंडाची गोष्ट टाळ्या घेते. पण त्याच महाराजांनी वसतिगृहं उभी केली ती दंडाने नव्हे. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजातल्या माणसांना हाताशी धरून, जागा आणि पैसा देऊन, चालवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. म्हणजे एका हातात दंडाची पावती होती आणि दुसऱ्या हाताने पालक-समाजाला कामाला लावलं होतं. आपण पावतीचा वारसा चोख सांभाळला. आजही शाळेतून निरोप आला की घरात पहिला प्रश्न असतो, "काय केलंस रे?"

कामाला लावणं हा शब्द मी मुद्दाम वापरला, तो एका बापाने मला शिकवला. त्याचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात, थोरला शहरातल्या एका तालमीत राहून कुस्ती करतो. बाप शिरोलीला फाउंड्रीत कामाला. तीन वर्षांत तो एकदाही शाळेत आला नव्हता. पण दर आठवड्याच्या सुट्टीला तूप, बदाम, ज्वारीचं पीठ घेऊन तालमीत हजर. वस्तादांशी तासभर बोलणं. पोरगं झोपतंय किती, जोर किती मारतंय, दूध पचतंय का, मागच्या महिन्यात खांदा दुखत होता त्याचं काय. वस्तादही त्याला विचारतात की यात्रेला घरी आला होता तेव्हा काय खाल्लं, कुणाशी बोलला, मन कुठे आहे. खुराक घरचा, घाम तालमीचा, आणि दोघांनाही एकमेकांचा हिशेब हवा असतो. मी त्या बापाला रस्त्यात गाठून विचारलं की थोरल्यासाठी एवढं करता, धाकट्याच्या शाळेत का येत नाही? तो जरा ओशाळला आणि म्हणाला, "तिथं मला काम असतंय, बाई. शाळंत माझं काय काम?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच काय काम होतं त्याचं? सही करणं आणि ऐकून घेणं. तालमीतली शिस्त मला सगळी मान्य आहे असं नाही. तिथे वस्तादाचा शब्द अखेरचा असतो आणि मारही असतो. पण एक गोष्ट तिथे पक्की आहे. बापाला जे माहीत आहे त्याशिवाय वस्तादाचं काम अडतं, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. शाळेत आम्ही असं दाखवतो की पालकावाचून आमचं काहीच अडत नाही. मग तो कशाला येईल?

पूर्वी हे वेगळं होतं, असं माझे सासरे म्हणतात. तेही शिक्षक होते. ते ज्या गावात नोकरीला, त्याच गावात राहायचे. पाणवठ्यावर, देवळात, बाजारात पालक भेटायचे. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाचा बैल मेला, कुणाची आई माहेरी गेली, हे दुसऱ्या दिवशी वर्गात जायच्या आधी कळलेलं असायचं. सभा घ्यायची गरजच नव्हती. आता आम्ही बहुतेक जण शहरातून ये-जा करतो. मी रोज जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर ॲक्टिव्हा चालवते. शिक्षकांनी मुख्यालयी राहावं असा नियम आहे, ग्रामसभेचे ठराव आहेत, घरभाडे भत्त्याचे वाद आहेत, अधूनमधून त्यावर पेपरात चिखलफेकही होते. सक्तीने राहायला लावून ते जुने दिवस परत येतील, यावर माझा विश्वास नाही. माझ्या नवऱ्याची नोकरी शहरात, सासूबाईंचा दवाखाना शहरात. पण पाणवठा गेला हे खरं आहे, आणि त्याच्या जागी आम्ही काही ठेवलं नाही.

काही लोक म्हणतील, व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. आहे. पावसाळ्यात सकाळी सहापासून त्यावर एकच प्रश्न असतो, "मॅडम, आज शाळा हाय का?" पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली की त्या ग्रुपसारखी सोय नाही, हे २०१९ आणि २०२१च्या पुरात सगळ्यांनी बघितलं. सूचना द्यायला ग्रुप उत्तम. पण एखाद्या पोराबद्दल बोलायला तो चव्हाटा आहे. एकदा मी अभ्यास न केलेल्या मुलांच्या वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. हेतू चांगला होता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्यातल्या एका पोराच्या चुलत्याने खाली हसण्याचं चिन्ह टाकलं. पोरगं तीन दिवस शाळेत आलं नाही. चौथ्या दिवशी आईबरोबर आलं, आई काहीच बोलली नाही, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं. फोटो टाकणं मी तेव्हापासून बंद केलं. सांगायचं असेल तर फोन करते, आणि सुरुवात चांगल्या गोष्टीने करते. पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा पलीकडची आई घाबरून म्हणाली, "काय झालं बाई, पडलं काय कुटं?" मी म्हणाले, काही नाही झालं, आज त्याने कविता फार छान म्हटली. पलीकडे बराच वेळ शांतता.

दुधाच्या चिठ्ठ्यांच्या प्रकरणानंतर मी सभेची वेळ बदलून बघितली. आधी ती असायची शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर, अकराच्या सुमाराला. तेव्हा कोण मोकळं असतं? रोजगाराला गेलेली बाई नाही, गोकुळ शिरगावला पहिल्या पाळीला गेलेला बाप नाही. मग येतात त्या आज्या, आणि काही ठरावीक आया. 'माता पालक गट' वगैरे उपक्रम चांगलेच आहेत, पण त्यातून पोराचं शिकणं हेही स्वयंपाकासारखं बाईच्याच गळ्यात पडतं, याकडे कुणी बघत नाही. आमच्या गावात बापे आणि बाया दोघं एका ठिकाणी, रोज, न बोलावता जमतात, ते म्हणजे संध्याकाळी दूध संस्थेच्या दारात. मी एका बुधवारी साडेसहाला तिथे जाऊन उभी राहिले. हातात वही नव्हती. कॅन घेऊन रांगेत उभा असलेला माणूस पंधरा-वीस मिनिटं कुठे जात नाही, आणि त्याच्या हाताला काम असल्यामुळे तो शाळेच्या ऑफिसात अवघडतो तसा अवघडतही नाही.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मी वर्गणीला आले. दुसऱ्या खेपेला एकाने स्वतःहून सांगितलं की त्याचा मुलगा पाढे म्हणताना अडखळतो, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किती मोळ्या बसतील ते बरोबर सांगतो. एका बाईने सांगितलं की त्यांची मुलगी वर्गात गप्प बसते कारण मागच्या बाकावरून तिला फळा धूसर दिसतो, आणि चष्मा लागला तर लग्नाला अडचण म्हणून आजी डॉक्टरकडे नेऊ देत नाही. हे मला कुठल्या प्रगतिपुस्तकात सापडणार होतं? मी त्या मुलीला पहिल्या बाकावर आणलं. आजीशी बोलणं अजून चालू आहे. वर्गात दशांश अपूर्णांक आता दुधाच्या चिठ्ठ्यांवर होतात. सगळ्यांचं गणित एकदम सुधारलं असा दावा मी करणार नाही. टिंब मात्र भलतीकडे पडलं की आता मुलंच ओरडतात, "एवढं दूध नसतंय ओ बाई!"

पण याची किंमत मी मोजते, आणि तीही सांगायला हवी. शाळा सुटल्यावर दीड तास थांबायचं, अंधारात चौदा किलोमीटर परत जायचं. घरी मुलगा वाट बघत असतो. म्हणून मी हे एका सत्रात तीनदाच करते, त्याहून जास्त जमत नाही. आणि या तीन संध्याकाळी कुठेही मोजल्या जात नाहीत. पोषण आहाराची रोजची नोंद मोजली जाते, यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदणीची माहिती मोजली जाते, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम मोजलं जातं. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला इतर बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, पण निवडणुकीची यादी बारमाही चालते आणि पोर्टलवर माहिती भरणं हे शैक्षणिक कामच समजलं जातं. पालकांशी बोलणं हे कायद्याने माझं कर्तव्य आहे, पण वेळापत्रकात त्याला एकही तासिका नाही. माझी मागणी एवढीच आहे. सत्रात तीन संध्याकाळी पालकांसाठी, गावाच्या सोयीच्या जागी आणि वेळी. त्या बदल्यात तीन अर्ध्या दिवसांची बदली रजा. आणि त्या दिवसांचा अहवाल अपलोड करायला लावू नका. फोटो तर अजिबात नको. कॅनजवळ उभं राहून बाई जे बोलली ते फोटोत येत नाही, आणि फोटो काढायला लागले तर ती पुढच्या वेळी बोलणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पालकाला असं विचारत बसलं तर तो शिक्षकाच्या कामात लुडबुड करेल, वर्गात काय शिकवायचं ते सांगायला लागेल. शिष्यवृत्तीच्या बाबतीत हे घडतं, मी बघितलं आहे. आमच्या जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षेचं वेड जबरदस्त आहे. पहाटेचे जादा वर्ग, सराव पेपर, गुणवत्ता यादीत पोरगं आलं की चौकात डिजिटल बोर्ड. एका पालकाने मला सांगितलं होतं की चित्रकला आणि खेळाचे तास काढून तेवढे पेपर घ्या. मी नाही म्हणाले, आणि कारणं सांगितली. तो रागावला. पुढच्या वेळी पुन्हा आला आणि पुन्हा भांडला. मला वाटतं, त्याच्याशी माझं नातं इतरांपेक्षा खरं आहे. न भांडता मान डोलावणाऱ्या दहा पालकांपेक्षा तो मला बरा. काय शिकवायचं यात माझा शब्द राहील, मूल कसं आहे यात त्याचा. सीमारेषा आखायची तर अशी आखता येते. पण आखायला आधी दोन्हीकडची माणसं समोर बसलेली हवीत.

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की हे सगळं आणखी अवघड होतं. बीडकडची मुलं दिवाळीनंतर येतात, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की जातात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. त्यातून मूल कुठल्या इयत्तेत आहे आणि काय येतं ते कळतं. धाकट्या भावंडाला सांभाळत ते वर्गात बसणार का, फडावर दुपारी कोण असतं, हे फक्त आई सांगू शकते. आई पहाटे चारला फडात असते. तिला भेटायचं तर मुकादमाला विचारून, रात्री कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर जावं लागतं. मी दोनदाच गेले आहे. माझ्याकडे यावर तोडगा नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. माझा मुलगा शहरातल्या एका खासगी शाळेत शिकतो. जिल्हा परिषदेची शिक्षिका आणि मूल खासगी शाळेत, यावर कुणी टोमणा मारला तर मी ऐकून घेते. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक १९६४-६६च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली होती. परिसरातली सगळी मुलं, गरिबांची आणि शिकल्या-सवरल्यांची, एकाच शाळेत. आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाचा हात लागलेली ती शिफारस मी माझ्या घरात पाळली नाही.

मुलाच्या शाळेच्या पालकसभेत टोकन मिळतं. मागच्या वेळी माझं सतरावं होतं. मॅडम तरुण होत्या, दमलेल्या होत्या. समोर लॅपटॉप, त्यावर माझ्या मुलाचे गुण. "विज्ञान ठीक आहे, हिंदी वीक आहे, घरी थोडं लक्ष द्या." माझंच वाक्य मला परत मिळालं. मला सांगायचं होतं की तो गेल्या दोन महिन्यांपासून झोपेत बोलतो, शाळेच्या बसमधल्या एका मुलाचं नाव घेतो. मी तोंड उघडेपर्यंत अठराव्या टोकनचे पालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. मी उठले. घरी आल्यावर त्या मॅडमचा राग आला, मग वाटलं, तिच्याही वेळापत्रकात यासाठी तासिका नसेलच.

गेल्या पंधरवड्यात पुन्हा दूध संस्थेत गेले होते. चिठ्ठ्या ताडून बघणाऱ्या त्या मुलीची आजी रांगेत होती. मशीनवर विश्वास नसलेली तीच. नातीला गणितात किती पडले ते मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी एक इचारतो बाई, तुमचं पोरगं कुठल्या शाळंत?" मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्यात टोमणा नव्हता.

"मग तिथं तुमाला असं इचारत्यात काय, पोरगं घरात कसं असतंय म्हणून?"

मी म्हणाले, "टोकन देतात."

रांग पुढे सरकली होती. त्यांनी पायाने कॅन पुढे ढकलला आणि मशीनच्या आकड्याकडे डोळे बारीक करून बघायला लागल्या.